समोरच्या खिळ्यावरची चावी

४ जानेवारी

आजपासून रोजनिशी. इमारत पाडणार हे नक्की झालं. गल्लीतल्या दोन इमारती आधीच हिरव्या कापडात तोंड लपवून उभ्या आहेत, आता आमची पाळी. त्याच जागी टॉवर, दोन विंग, लिफ्ट, सगळ्यांना नवे फ्लॅट. कोणाला कुठला ते अजून ठरायचंय. आणि अशाच वेळी माणसं बदलतात. मी आयुष्यभर विमा कंपनीत क्लेम तपासले. दुकानाची राख बघून आग लागली की लावली ते सांगायचो. इथे काय शिजतंय ते मला कळणार नाही असं कोणाला वाटत असेल, तर वाटो बापडं.

संकल्प: डोळ्यांत तेल घालून राहायचं. तोंड बंद, कान उघडे.

हिने विचारलं, काय लिहिताय. म्हटलं, काही नाही. म्हणाली, काही नसेल तर भाजी आणा.

७ जानेवारी

मुख्य संशयित: चष्मेवाला. समोरचं दार. बाजारात चष्म्यांचं छोटं दुकान. आम्ही दोघं एकाच आठवड्यात इथे राहायला आलो, तेव्हा दोघांचेही केस काळे होते. वागायला भलताच गोड. मी दिसलो की म्हणणार, साहेब, आत या, चहा टाकतो. इतक्या वर्षांत एकदाही विसरला नाही. इतका चहा कोणी उगीच पाजत नाही.

शिवाय माझा चष्मा त्यानेच केलाय. म्हणजे मला किती दिसत नाही हे अख्ख्या इमारतीत फक्त त्याला माहीत आहे. मुद्दा गंभीर.

८ जानेवारी

सर्व्हेवाले येऊन प्रत्येक दारावर खडूने नंबर टाकून गेले. चष्मेवाल्याच्या दारावरचा नंबर आमच्यापेक्षा मोठ्या अक्षरात. हिला दाखवलं. म्हणाली, त्यांचं दार स्वच्छ आहे, आपल्या दारावर तुम्ही स्टिकर चिकटवलेत, जागा कुठे होती लिहायला.

बायका पुराव्याकडे भावनेने बघतात.

११ जानेवारी

खळबळजनक. सकाळी भाजी घेऊन येत होतो. पहिल्या मजल्यावर जरा थांबलो (निरीक्षणासाठी). बघतो तर चष्मेवाला वरच्या जिन्यात उकिडवा बसून टेपने पायरीची उंची मोजतोय. मोजलं, कागदावर लिहिलं, खिशात टाकलं. मला बघून दचकला. मग म्हणाला, साहेब, पिशवी द्या इकडे. दिली नाही.

माणूस आपल्या घरातल्या खोल्या मोजेल, समजू शकतो. जिना सगळ्यांचा. सामाईक जागा स्वतःच्या नावावर घुसवण्याचा जुना प्रकार आहे हा. अशी प्रकरणं मी ढिगाने बघितली आहेत.

आणखी एक. मी जिना चढताना हल्ली तो माझ्याकडे टक लावून बघतो. माझे गुडघे उत्तम आहेत. मी प्रत्येक मजल्यावर थांबतो ते निरीक्षणासाठी.

१४ जानेवारी

संध्याकाळी ड्रिलमास्तरांकडे गेलो. ड्रिलमास्तर म्हणजे आमचे सेक्रेटरी, तळमजला, शाळेत कवायत शिकवायचे, मीटिंग अजून शिट्टी वाजवून सुरू करतात. दार ढकललं तर आत चष्मेवाला, त्याची बायको आणि ड्रिलमास्तर डोकी जवळ आणून बसलेले. मला बघताच तिघं गप्प. एकदम. मग ड्रिलमास्तर म्हणाले, हवा छान सुटलीय. कालपासून हवा बंद आहे, पंख्याखाली घाम येतोय.

पाणी मुरतंय. नक्की मुरतंय.

१५ जानेवारी

तपासाची नवी जागा सापडली. आमच्या बाथरूमची खिडकी आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी पाइपांच्या एकाच उभ्या डक्टमध्ये उघडतात. दुपारी बाथरूममध्ये स्टूल घेऊन बसलो. आधी भांडी, मग नळ, मग फोडणीचा ठसका. मला शिंक येणार होती, ती दाबली, कानात दडे बसले. आणि मग स्पष्ट ऐकू आलं. चष्मेवाला बायकोला सांगत होता की त्यांना एवढ्यात कळू देऊ नकोस, कळलं तर मुद्दाम नाही म्हणतील.

त्यांना म्हणजे मला. केस मजबूत होत चालली.

ही बाहेरून विचारत होती, पोट बिघडलंय का. हो म्हटलं. संध्याकाळभर नुसती पेज.

१९ जानेवारी

हिच्या मावशीकडे गेलो होतो. निघताना नळाला पाणी नव्हतं. कोणीतरी (मी नव्हे) नळ उघडाच सोडला. परत आलो तर नळ बंद, मोरीपुढची फरशी पुसलेली, आणि फडकं पिळून दांडीवर वाळत घातलेलं. चष्मेवाल्याला डक्टमधून पाण्याचा आवाज आला म्हणे, म्हणून चावी लावून आत आला.

चावीचं सांगायला हवं. आमच्या इमारतीची पद्धत अशी की प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं, आणि प्रत्येकाची जादा चावी समोरच्याच्या घरात खिळ्याला. आमची त्यांच्याकडे, त्यांची आमच्याकडे. आमच्या चावीला हिने निळा दोरा बांधलाय. आजवर कोणाला यात वावगं वाटलं नाही. कारण आजवर कोणी विचारच केला नाही!

हिने त्यांच्या घरी जाऊन आभार मानले. मी घराची तपासणी केली. कपाट जागच्या जागी. छत्री मात्र खुंटीवर उलटी टांगलेली. मी छत्री कधीच उलटी टांगत नाही. बहुधा नाही.

प्रश्न असा की नळ बंद करायला आलेला माणूस फरशी का पुसेल? फरशी कसली आहे ते बघायला. आमच्या घरात काय नवं काय जुनं ते बिल्डरला सांगायला. चोर परवडला, तो निदान फरशी पुसत नाही.

२२ जानेवारी

कुलूप बदललं. ही बाजारात गेली असताना चावीवाल्याला बोलावून काम उरकलं. चावीवाला बडबड्या. विचारत होता, जुनं चांगलं चाललंय, मग बदलता कशाला. मी ताकास तूर लागू दिली नाही. फक्त एवढंच म्हटलं की जुन्याची चावी शेजाऱ्याकडे असते.

हिला सांगितलं, कुलूप गंजलं होतं. म्हणाली, बरं केलंत, आता नवी चावी समोरच्या भावजींना देऊन या. गेलो. जिन्यात उभा राहिलो. परत आलो. दिली म्हणून सांगितलं. ती चावी माझ्या मोज्यांच्या कप्प्यात आहे.

खोटं नाही म्हणता येणार. तपासाच्या काळात काही गोष्टी गोपनीय ठेवाव्या लागतात.

२८ जानेवारी

आज निर्णायक दिवस. आर्किटेक्ट बाई आल्या होत्या. तरुण, बोलायला चटपटीत, काखेत नकाशांची गुंडाळी. ड्रिलमास्तरांच्या घरी एकेका कुटुंबाला आत बोलावून विचारत होत्या की कुठला मजला हवा आणि समोर कोण असलेलं आवडेल. म्हणाल्या, जुनी माणसं शक्यतो तुटू नयेत असा प्रयत्न आहे.

हिला ऐन वेळी बहिणीचा फोन आला, मी एकटाच आत गेलो. बरं झालं. चष्मेवाला माझ्या आधी जाऊन आला होता आणि बाहेर येताना माझ्याकडे बघून हसला. ते हसू मी ओळखतो. वरचा मजला, हवा, उजेड, दूरवरचं दिसणार, सगळं पटकावून आलेल्या माणसाचं हसू ते. मी थंडपणे सांगितलं, सर्वांत वरचा मजला. आणि समोर कोण? म्हटलं, कोणीही चालेल, फक्त चष्मेवाला नको. जमलं तर दुसऱ्याच विंगमध्ये टाका.

बाईंनी विचारलं, नक्की ना? गुडघ्यांचं काय? म्हटलं, माझ्या गुडघ्यांविषयी तुम्हाला कोणी सांगितलं? त्या नकाशाची गुंडाळी सरळ करू लागल्या. म्हणजे बातमी तिथवर पोचली होती.

बाहेर येऊन हिला सांगितलं, सगळं छान झालं. आज झोप चांगली लागेल.

३ फेब्रुवारी

लिहायला हात धजत नाही, पण नोंद हवी.

ही सकाळी बहिणीकडे गेली, संध्याकाळी येणार होती. दुपारी बाथरूममध्ये गेलो. कडी लावली. ती अडकली. लाकूड फुगलेलं. ओढली, ढकलली, साबण लावला, हाताच्या मुठीने ठोकली. ढिम्म. फोन बाहेर टेबलावर वाजत होता.

आधी शांतपणे विचार केला. मग डक्टमधून हाक मारली. चष्मेवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने, फक्त वरच्या मजल्याकडे. चष्मेवाल्यालाच ऐकू गेली. दुकानातून जेवायला घरी आला होता. म्हणाला, साहेब, घाबरू नका, चावी आहे माझ्याकडे, आलोच.

मग मला आमच्या दाराशी त्याची चावी ऐकू आली. आत गेली. फिरेना. काढली, पुसली असावी, परत घातली. फिरेना. तिसऱ्यांदा जरा जोर लावला. बाहेर त्याची बायको म्हणत होती की उलटी घातली असेल. तो म्हणाला, नाही गं, नेहमीसारखीच घातलीय. मी आत स्टुलावर बसून होतो. ओरडून सांगता आलं असतं. काय सांगणार?

ड्रिलमास्तर आले, शिट्टी वाजवली (कशाला, देव जाणे), माणसं जमली. कोणीतरी चावीवाल्याला आणलं. तोच बडबड्या. त्याने कुलूप बघितलं आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, अहो, हे तर मीच बसवलंय, या साहेबांनीच बदलून घेतलं, जुन्याची चावी शेजाऱ्याकडे असते म्हणून.

मी बाथरूमचा नळ पूर्ण सोडला. आवाजात आवाज बुडावा म्हणून.

बाहेर आलो तेव्हा चष्मेवाला निळ्या दोऱ्याची चावी हातात घेऊन उभा होता. टेबलावर ठेवली. म्हणाला, लागलं नाही ना कुठे. मग दुकानात गेला. जेवायचा राहिला असावा.

हिला संध्याकाळी जिन्यातच बातमी लागली. पहिला प्रश्न, घरात एकटे असताना कडी कशाला लावलीत? म्हटलं, तत्त्व म्हणून. दुसरा प्रश्न, भावजींना चावी दिली म्हणालात ना? त्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण तिने ऐकून घेतलं नाही. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं म्हणून कणकेवर राग काढत बसली.

९ फेब्रुवारी

चष्मेवाल्याचं दार बंद असतं आजकाल. चहाचं विचारत नाही. दिसला की मान हलवतो, बस्स. अपराधी माणसं अशीच वागतात.

त्यांची चावी अजून आमच्या खिळ्यावर आहे. परत मागितली नाही. का नाही मागितली? यात काय डाव असेल ते शोधतोय.

२० फेब्रुवारी

फ्लॅट जाहीर झाले. अंगणात खुर्च्या, शिट्टी, आर्किटेक्ट बाई. आम्हाला ए विंग, अकरावा मजला, सर्वांत वर. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. चष्मेवाल्याला बी विंग, पहिला मजला! म्हणजे डाव पुरता फसला त्याचा. मी टाळी वाजवणार होतो.

तेवढ्यात हिने उभं राहून बाईंना विचारलं, आम्हाला इतक्या वर का? आणि आम्हा शेजाऱ्यांना वेगळं का केलंत? बाई गोंधळल्या. चष्मेवाल्याकडे हात करून म्हणाल्या, काकू, या काकांनी तर तुमच्यासाठी पहिल्या मजल्यावरचे समोरासमोरचे दोन फ्लॅट मागितले होते. साहेबांना जिना झेपत नाही, लिफ्ट बंद पडली तर काय, म्हणून. सेक्रेटरींनी बाकीच्यांना समजावून तयारही केलं होतं. नव्या जिन्याच्या पायऱ्या ठेंगण्या ठेवा म्हणून काका जुन्या पायऱ्यांची मापंसुद्धा घेऊन आले होते. पण तुमच्याच मिस्टरांनी सांगितलं की वरचा हवा आणि हे समोर नकोत.

सगळे माझ्याकडे बघत होते. चष्मेवाला सोडून. तो आपला चष्मा पुसत होता. किती वेळ पुसावा माणसाने.

मी म्हटलं, वर हवा चांगली असते.

रात्री विचार केला. माझ्या नकळत माझी सोय करणं हेसुद्धा एक प्रकारचं कारस्थानच आहे. तांत्रिकदृष्ट्या माझा संशय बरोबर होता. काहीतरी चाललं होतं ना? चाललं होतं. मग झालं तर.

हिने आज पाणीसुद्धा हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं.

११ एप्रिल

जागा खाली केली. सगळे भाड्याच्या घरी, जिकडेतिकडे पांगले. सामान उतरवताना हिने चष्मेवाल्यांची चावी खिळ्यावरून काढून त्यांच्या बायकोच्या हातात दिली. दोघी रडल्या. मी टेम्पोवाल्याला कपाट कसं धरायचं ते सांगत होतो. चष्मेवाला कपाटाचा खालचा कोपरा धरून होता. मीच म्हटलं, राहू द्या, तुमची पाठ. म्हणाला, असू दे.

यावर आणखी काही बोलायचं होतं. कपाट जड होतं.

६ मार्च (मधली पानं कोरी, जवळजवळ दोन वर्षं)

नव्या घरात आलो. अकरावा मजला. अप्रतिम! खालची माणसं ओळखू येत नाहीत, हे तपासनिसाच्या दृष्टीने गैरसोयीचं, पण मनःशांतीला उत्तम. समोरचा फ्लॅट न विकलेला, कुलूपबंद. म्हणजे समोर कोणी नाही, पाळत नाही, चहा नाही. हवं होतं ते मिळालं.

संकल्प: आता शांतपणे जगायचं.

१३ मार्च

समोरच्या रिकाम्या फ्लॅटमधून आवाज येतो. हिच्या मते वारा आहे. रिकाम्या घराला वारा कशाला लागतो? लक्ष ठेवतोय.

ही रोज संध्याकाळी फिरायला म्हणून खाली जाते. परत येते तेव्हा चहा नको म्हणते. बी विंगमध्ये जाते हे मला कळत नाही असं तिला वाटतं.

नव्या दाराला दोन चाव्या मिळाल्या. एक हिच्या पर्समध्ये. दुसरीसाठी मी आतल्या भिंतीवर स्वतः खिळा ठोकला, घरातली वस्तू घरात. ही खिळ्याकडे बराच वेळ बघत होती. नंतर दोन-चारदा बघितलं तर खिळा रिकामाच. विचारलं तर म्हणाली, असेल कुठेतरी.

२१ मार्च

समोरचा आवाज ऐकायला म्हणून दाराबाहेर पाऊल टाकलं. कान लावला. वाराच होता. तोच वारा आमच्याही दाराला लागला आणि दार मागून धाडकन बंद झालं. आपोआप बंद होणारं कुलूप आहे, सुरक्षिततेसाठी मीच हट्टाने बसवून घेतलं होतं. अंगात घरचे कपडे, पायात काही नाही, खिशात फोन.

हिला फोन केला. बहिणीकडे होती. म्हटलं, दुसरी चावी आत कुठेतरी आहे, तू लगेच ये. म्हणाली, आत नाही, पहिल्याच दिवशी भावजींकडे दिली. म्हटलं, मला न विचारता? म्हणाली, हो. आणि फोन ठेवला.

लिफ्ट बंद. अकरा मजले उतरलो. एक मात्र सांगायला हवं, या जिन्याच्या पायऱ्या खरोखरच ठेंगण्या आहेत. गुडघ्यातून कळ आली नाही असं नाही, पण उतरलो. जुन्या जिन्याने हे जमलं नसतं. कठडासुद्धा हाताला बरोबर येतो. आर्किटेक्ट बाई हुशार आहेत.

बी विंग, पहिला मजला. दार उघडं होतं. भिंतीवर खिळा, खिळ्याला चावी, चावीला निळा दोरा. तोच जुना दोरा. चष्मेवाला थकलाय, केस अगदी विरळ झालेत. त्याने माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, काही विचारलं नाही, चावी काढून हातात दिली. म्हटलं, दार उघडून लगेच परत आणून देतो, इथेच असू दे ती. म्हणाला, तुम्ही नका त्रास घेऊ साहेब, वहिनी देतील.

आत गॅसवर चहा होता, वास येत होता. आत या म्हणाला नाही. म्हणाला असता तरी मी गेलो नसतो, हा मुद्दा वेगळा.

त्याने दार हळूच लोटून घेतलं. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. निरीक्षणासाठी.